कोरड्या कारंज्यातली बाई

यंदा पुन्हा टँकर सुरू झाले आहेत. गल्लीच्या तोंडाशी टँकर मागं घेताना जो चिरका भोंगा वाजतो, त्याच्यासरशी गारखेड्यातल्या साऱ्या गॅलऱ्यांत बायका उगवतात. बादल्या, घागरी, रंगाचे रिकामे डबे, सगळ्यांचा एकच कल्लोळ होतो. मी मात्र हातातलं काम हातात धरून उभी राहते. मला पाण्याच्या आधी वास येतो. शेवाळाचा. खोल विहिरीत वाकून पाहिलं की येतो तसा. जिथं दिवाळीपासून जमिनीला ओल नाही तिथं शेवाळ कुठलं? सांगितलं तर लोक हसतील, म्हणून सांगत नाही. पण उन्हाळा चढला, टँकर आले, की हा वास येतो आणि मला ती आठवते.

तेव्हा शहराचं नाव अजून बदललेलं नव्हतं. शहर मात्र रोज बदलत होतं. बायपासच्या पलीकडं कालपरवापर्यंत ज्वारी उभी असायची, तिथं विटांचे ढीग पडले होते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही गढूळ, आणि इमारतींच्या पाट्यांवर मात्र निळेशार तलाव रंगवलेले. आम्ही अशाच एका नव्या इमारतीत राहायला गेलो होतो. मी, माझा नवरा, सासूबाई आणि माझी धाकटी जाऊ रेवती. रेवतीचा नवरा समीर, म्हणजे माझा धाकटा दीर, दोन वर्षांपूर्वी जालना रोडवर ट्रकखाली गेला होता. ट्रकवाला म्हणे, मला तो दिसलाच नाही.

बिल्डर हौशी होता. फाटकातून आत आलं की समोर गोल कारंजं, आणि कारंज्याच्या मधोमध शिंपल्यावर उभी असलेली एक पांढरी बाई. ग्रीसची प्रेमाची देवता, अ‍ॅफ्रोडायटी. एक हात केसांकडं गेलेला, दुसऱ्या हातानं कमरेचं वस्त्र सावरलेलं, मान किंचित फाटकाकडं वळलेली. फायबरची मूर्ती, आतून पोकळ. ट्रकमधून उतरवली तेव्हा दोनच माणसांनी पेंढ्यातून उचलून आणली होती. डोळ्यांना बुबुळं नव्हती. बिल्डरला वाटलं असेल, प्रेमाची देवता म्हणजे शुभच. कारंजं वास्तुशांतीच्या दिवशी एकदाच उडालं. नंतर बोअर आटली, आणि ती बाई कोरड्या हौदात, तडकलेल्या निळ्या फरशीवर तशीच उभी राहिली. लोक तिला "फॉरेनची बाई" म्हणायचे. पुढं नुसतं "बाई" म्हणू लागले.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. जूनपासून ग्रीक पुराणकथांचा नवा पेपर माझ्याकडं येणार होता, म्हणून सुट्टीभर तेच वाचन चाललं होतं. रेवती छावणीतल्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा ती घरी यायची आणि टँकर येईपर्यंत आम्ही दोघी गॅलरीत बसायचो. पंखा गरम वारा फेकायचा. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. खाली ती बाई इतकी पांढरी तळपायची की तिच्याकडं फार वेळ बघवत नसे.

"ही कुठली गं, ताई? हिची गोष्ट काय?" रेवतीनं एकदा विचारलं.

मी सांगू लागले. आकाशाच्या देवाला त्याच्याच मुलानं विळ्यानं छाटलं, ते मांस समुद्रात पडलं, भोवती फेस जमला आणि फेसातून ही वर आली. हिला आई नाही. जिथं पाऊल ठेवलं तिथं गवत उगवलं. मग देवांच्या राजानं तिचं लग्न एका लंगड्या लोहाराशी लावून दिलं.

"तिला विचारलं होतं?"

"तसं कुठं लिहिलेलं नाही."

पुढची गोष्ट जगाला ठाऊक आहे तीच. तिचं मन युद्धाच्या देवावर गेलं. नवऱ्यानं बारीक तारेचं जाळं विणलं, दोघांना त्यात पकडलं आणि सगळ्या देवांना बोलावून दाखवलं. देव पोट धरधरून हसले.

"आणि देवी?"

"देवी आल्याच नाहीत. लाजून घरी बसल्या."

रेवतीनं खाली मूर्तीकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे बघायला पुरुष आले आणि नावं ठेवायला बायका राहिल्या."

त्या दिवसापासून मी वाचलेलं तिला सांगायची सवयच लागली. मलाही ती देवी नव्यानं दिसू लागली. आपल्याला वाटतं, ही नुसती नटवी, चंचल, दुसऱ्याचे संसार मोडणारी. पण जुने लोक तिला किती नावांनी हाक मारत! एका गावात ती हातात शस्त्र घेतलेली. एका गावात ती "काळी", कारण माणसं जे करतात ते अंधारात करतात. कुठं "पुरुषांना मारणारी", कुठं "थडग्यावरची". आणि बंदरांवरचे खलाशी तिलाच "सुखरूप पोचवणारी" म्हणत. भर उन्हात ही नावं वाचताना माझ्या अंगावर काटा यायचा. प्रेमाच्या देवीचं थडग्याशी काय काम, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू तळमजल्यावर झालं. आंब्याची डाळ रेवतीनंच वाटली होती, पन्हंही तिनंच केलं. बायका जमल्यावर मात्र ती आपणहून स्वयंपाकघरात थांबली आणि सासूबाईंनी तिला हाक मारली नाही. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांना आजवर असंच माहीत होतं, एवढंच. संध्याकाळी मी खाली आले तर मूर्तीच्या पावलांवर हळदीकुंकू वाहिलेलं. मी रेवतीकडं पाहिलं.

"मीच वाहिलं," ती म्हणाली. "तिला तरी कोण लावणार होतं?"

टँकर बिरू आणायचा. तिशी ओलांडलेला, उंच, काळासावळा, कमी बोलणारा धनगर. त्याच्या घरची मेंढरं अजिंठ्याच्या डोंगराकडं चरायला जायची. दोन वर्षं चारा नाही म्हणून विकली आणि हा शहरात येऊन टँकरवर बसला. टँकर मागं घेताना तो डोळे बारीक करायचा, मान इकडून तिकडं फिरवायचा. रेवतीच्या ते पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. ती हंडा खाली ठेवून तरातरा त्याच्याजवळ गेली.

"तुम्हाला लांबचं दिसत नाही."

"दिसतंय की, बाई."

"तो फाटकावरचा नंबर वाचा."

बिरूनं फाटकाकडं बघितलं, मग खाली बघितलं. रेवतीचा आवाज कापत होता. "गाडी चालवणाऱ्याला दिसायला पाहिजे. उद्या छावणीत दुकानावर या. नाही आलात तर तुमच्या मालकाला सांगेन."

तो आला. तिनं त्याचे डोळे तपासून घेतले, चष्मा बसवला, कानामागं काडी वाकवून नीट केली. घरी येऊन ती मला सांगत होती, आणि सांगता सांगता समीर गेल्यानंतर पहिल्यांदा हसली. "ताई, चष्मा लावल्यावर तो माझ्याकडं बघून म्हणतो कसा, आजपातुर तुमी धुरातच व्हता."

वैशाखात उन्हानं कहर केला. कबुतरं तहानेनं कासावीस होऊन सावलीला यायची. सावली भिंतीलाही होती, पार्किंगमध्येही होती. ती मात्र त्या तापलेल्या हौदात, बाईच्या पायाशी जमायची. पंख पसरून, चोच उघडी टाकून पडून राहायची आणि त्यातली काही उठायचीच नाहीत. कबुतर हा तिचा पक्षी, असं मी त्याच आठवड्यात वाचलं होतं. मी ते रेवतीला सांगितलं नाही. मूर्तीची मान आधी फाटकाकडं होती ती आमच्या गॅलरीकडं वळल्यासारखी वाटत होती. नवरा म्हणाला, फायबर उन्हात पिळतं. बरोबरच असेल. पण दुपारी पडदा ओढून झोपताना मला पाठ तिकडं करून झोपवत नसे.

एके दिवशी बिरूबरोबर त्याची आई टँकरच्या केबिनमध्ये बसून आली. सखराबाई. कपाळभर गोंदण, हातात पितळी लोटा. टँकर आत आला, तिनं मूर्ती पाहिली आणि उतरायला ठेवलेला पाय परत वर घेतला.

"बिरू, ही कोन उभी केलीय इथं?"

"फॉरेनची देवी हाय, आई."

"फॉरेनची नाय बाबा. ही आसरा हाय. पान्यातली." तिचा आवाज खाली गेला. "हिला कोरडी ठिवलीय यांनी."

आसरा म्हणजे डोहातल्या, विहिरीतल्या देवता. दिसायला देखण्या, वागायला लहरी. भर दुपारी पाण्यावर एकट्यानं जाऊ नये, आसरा ओढतात, हे मीही लहानपणी ऐकलं होतं. सखराबाई खाली उतरली, टँकरच्या तोटीतून पहिला लोटा भरला आणि मूर्तीच्या पायावर ओतला. पाणी तडकलेल्या फरशीतून तत्क्षणी गेलं. सुंदर, थंड असा एक वास वर आला. शेवाळाचा. मी रेवतीकडं पाहिलं. तिनंही तो घेतला होता. पुढं बिरू रोज पहिला लोटा तिथं ओतू लागला, आणि रोज ते पाणी एखादं तहानलेलं जनावर पितं तसं नाहीसं व्हायचं. मागं साधा चिखलसुद्धा उरत नसे.

अडोनिसची गोष्ट मी रेवतीला आपणहून सांगितली नाही. ती तिनं स्वतःच माझ्या पुस्तकातलं चित्र पाहून काढून घेतली. त्या चित्रात काही बायका शिडीवरून गच्चीवर मडकी नेत होत्या. अडोनिस हा अ‍ॅफ्रोडायटीचा जीव. तरुण, देखणा. त्याला शिकारीत रानडुकरानं मारलं. ती अनवाणी काट्यांतून धावत गेली, पण पोचेपर्यंत तो संपला होता. तिनं एवढा आकांत केला, की पुढं दर उन्हाळ्यात ग्रीसमधल्या बायका त्याच्यासाठी रडायच्या. फुटक्या मडक्यांत गहू, बडीशेप असलं काहीबाही पेरायचं आणि ऐन उन्हात गच्चीवर ठेवायचं. कोंब भराभर वर यायचे आणि भराभर करपायचे. करपले की छाती पिटत ती मडकी पाण्यात सोडायची.

रेवतीनं सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे तीसुद्धा माझ्यासारखीच," एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी गच्चीवर तीन फुटकी मडकी दिसली. आंघोळीच्या तिच्या वाट्याच्या पाण्यातलं तांब्याभर ती वर न्यायची. समीरच्या अंत्ययात्रेच्या वेळी ती रडली नव्हती. नंतरही नाही. घरातल्या सगळ्यांना तिच्या त्या कोरड्या डोळ्यांची भीती वाटायची. गव्हाला पोपटी कोंब आले, बोटभर झाले आणि एका दुपारी वाकले. त्या दुपारी वरून आवाज आला. आधी मला वाटलं, मांजर. मग सासूबाई उठून बसल्या. तो रेवतीचा आवाज होता. मी जिन्याकडं धावले तर सासूबाईंनी माझा हात धरला. "थांब. रडू दे तिला."

तो आकांत साऱ्या इमारतीनं ऐकला. खिडक्या उघडल्या, पण वर कोणी आलं नाही.

त्यानंतर कुजबुज वाढली. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं घरी न सांगता लग्न केलं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी पाठककाका, त्यांच्या मुलीचं ठरलेलं लग्न त्याच महिन्यात मोडलं. मुलीनंच नकार दिला आणि कारण सांगेना. एका घरात नवराबायको वेगळे झाले. एरवी ज्याला त्याला ज्याचं त्याचं कारण असतं. पण त्या उन्हाळ्यात सगळ्यांना एकच कारण पुरत होतं, आणि ते फाटकाशी उघडं उभं होतं. कोणीतरी मूर्तीला पोतं नेसवलं. दुसऱ्या दिवशी पोतं हौदात पडलेलं. वारा नव्हता. पुन्हा बांधलं, पुन्हा पडलं. मग बायका फाटकातून येताना तिकडं न बघता येऊ लागल्या. पुरुष मात्र बघत. आणि मग ती कुजबुज मूर्तीवरून घसरत घसरत रेवतीवर आली. भर दुपारी गच्चीवर काहीतरी करते. टँकरवाल्याशी हसून बोलते. त्या बाईची सावली पडलीय तिच्यावर. नीट बघा, चेहराही तसाच दिसायला लागलाय.

पाठककाका एका संध्याकाळी आमच्याकडं आले. सासूबाईंसमोर बसले, पाणी नको म्हणाले.

"काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मूर्ती काढायचं ठरलंय. उद्या फोडून टाकतो. आणि तुमच्या धाकट्या सूनबाईंना काही दिवस माहेरी पाठवलंत तर सगळ्यांच्याच हिताचं. लोक बोलतायत."

रेवती दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि कबूल करते, त्या क्षणी तो मला खरोखरच खालच्या चेहऱ्यासारखा वाटला. सासूबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "मूर्ती तुमची आहे, काढा. सून माझी आहे. ती कुठं जाईल ते तुम्ही सांगायचं नाही."

फोडू नका, आम्ही घेऊन जातो, असं रेवतीनं त्याच बैठकीत सांगितलं. सखराबाईचंही तेच म्हणणं होतं: पाण्यातली आहे, पाण्यात नेऊन सोडा. दुसऱ्या दिवशी बिरूनं चुलतभावाचा छोटा हत्ती टेम्पो आणला. मूर्ती आडवी घालून दोरानं बांधली, शेजारी ती तीन मडकी ठेवली. मागं रेवती आणि सखराबाई बसल्या. मी निघावं की नाही अशा घोळात होते, तेवढ्यात सासूबाई गॅलरीतून म्हणाल्या, "जा तू बरोबर. तिला एकटी सोडू नकोस."

पैठणच्या रस्त्यानं आम्ही जायकवाडीच्या काठाला गेलो. काठ कसला! पाणी मैलभर मागं हटलं होतं आणि जिथं एरवी समुद्रासारखं पाणी असतं तिथं तडकलेला गाळ पसरला होता. त्या गाळातून एक गाव वर आलं होतं. धरण झालं तेव्हा बुडालेलं. घरांची जोती, दगडी पायऱ्या, जातं, उखळ, छप्पर नसलेलं एक देऊळ. दुपार कलली होती, पण ऊन तसंच होतं. गावात चुलीचे तीन दगडसुद्धा तसेच मांडलेले. माणूस मात्र कोणी नाही, कुत्रं नाही, चिमणी नाही. आम्ही बोललो की आवाज तोंडाबाहेर पडून तिथंच खाली पडल्यासारखा वाटायचा.

सखराबाई एका जोत्यापाशी थांबली. "हे माजं घर," ती म्हणाली. "मी परकरी पोर व्हते." तिनं उंबऱ्यावर हात ठेवला, तिथली माती कपाळाला लावली आणि पुढं चालू लागली.

पाण्याच्या कडेला रेवतीनं आधी मडकी सोडली. मग बिरूनं आणि तिनं मिळून मूर्ती पाण्यात लोटली. बुडालीच नाही. पोकळच ती. पाठीवर पडून तरंगत राहिली, एक हात केसांकडं, तोंड आभाळाकडं. वारा अजिबात नव्हता, पाण्यावर सुरकुती नव्हती. तरी ती हळूहळू काठापासून आत निघाली.

"अशी नाय जायची," बिरू म्हणाला. "आत पानी भरलं पायजे." चष्मा काढून त्यानं रेवतीच्या हातात दिला आणि पाण्यात उतरला.

"बिरू, नगं! गाळ हाय खाली!" सखराबाई ओरडली. तोवर तो गुडघाभर गेला होता. मग मांडीभर. त्यानं मूर्तीच्या तळाचं, कारंज्याच्या नळीसाठी ठेवलेलं भोक पाण्याखाली दाबलं, बुडबुड असा आवाज सुरू झाला, आणि बिरूनं पाय उचलायला पाहिलं तर तो उचलेना. त्यानं दुसरा पाय रेटला, तसा कमरेपर्यंत गेला.  त्यानं वळून रेवतीकडं बघितलं. चष्म्याशिवाय तिचा चेहरा त्याला दिसत तरी होता की नाही कोण जाणे.

रेवतीनं चष्मा फेकला. ती त्या पाण्यात पोटावर आडवी पडली आणि सरपटत गेली. मी तिचे दोन्ही घोटे धरले, सखराबाईनं माझी कंबर धरली. रेवतीनं बिरूची मनगटं पकडली. आम्ही ओढत होतो आणि गाळ त्याला आत ओढत होता. पाणी त्याच्या छातीला लागलं, मग गळ्याला. सखराबाई देवाचं नाव घेत नव्हती. ती कोणाला तरी ठणकावून सांगत होती, "सोड. सोड त्याला. पहिला लोटा तुला दिलाय. सोड." आणि सगळ्यात शेवाळाचा तो वास असा दाटला की मला श्वास घेता येईना.

मग काय झालं ते मी इतकी वर्षं जसं पाहिलं तसंच सांगते. बिरूच्या मागं मूर्ती उठली. पाणी भरत भरत तिचा तळ खाली गेला असणार आणि म्हणून ती उभी झाली, हे मला कळतं. पण ती उठली. आधी केस, मग ते बिनबुबुळांचे डोळे, मग खांदे. कमरेपर्यंत पाण्याबाहेर सरळ उभी राहून तिनं आमच्याकडं पाहिलं. आणि मग तशीच, एका रेषेत, खाली गेली. पाणी मिटलं. त्याच क्षणी बिरू गाळातून सुटला. इतक्या एकाएकी, की आम्ही तिघी मागं कोसळलो. काठावर तो उताणा पडून खोकत होता. रेवती शेजारी बसली होती, आणि स्वतःच्या दोन्ही तळहातांकडं बघत होती.

अंधार पडताना आम्ही परत निघालो.

त्या दोघांनी श्रावण सरल्यावर लग्न केलं, साधं, नोंदणीचं. सासूबाई आल्या नाहीत. तेवढं त्यांना झेपलं नाही. पण निघताना त्यांनी स्टीलच्या छोट्या डबीत विरजण घालून रेवतीच्या हातात दिलं. "आपल्या घरचं आहे. मोडू देऊ नकोस," म्हणाल्या आणि आत गेल्या. पुढच्या संक्रांतीला त्या स्वतः रिक्षा करून तिच्या घरी गेल्या, तिला कुंकू लावलं, आणि रात्रीच्या जेवणालाही राहिल्या. इमारतीतले लोक म्हणायचे ते म्हणालेच. बाई गेली आणि जाताना रेवतीलाही घेऊन गेली, असं. पाठककाकांच्या मुलीनं पुढं लग्न केलंच नाही, ती पुण्यात एकटी मजेत राहते. ते मात्र कोणी देवीच्या नावावर मांडत नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये मी वर्गात तो पेपर शिकवला होता. मुलांनी विचारलं, मॅडम, ही देवी चांगली की वाईट? मी पुस्तकातलं उत्तर दिलं. ती समुद्रासारखी आहे. शांत असते तेव्हा तिच्यासारखी दयाळू कोणी नाही, आणि एरवी तिचं काही सांगता येत नाही. शिकवताना मला वाटत होतं, लोक तिला वाईट म्हणतात ते तिनं काही केलं म्हणून नाही. जे आपल्याच आतून वर येतं त्याला आपण तिचं नाव देऊन मोकळे होतो. असं मला बरीच वर्षं वाटत होतं. शहाण्यासारखा विचार होता तो, मनाला थंडावा देणारा.

परवा मी रेवतीकडं गेले होते. बिडकीनजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, मागं शेळ्या आहेत, मुलगी आता शाळेत जाते. बिरू अंगणात टँकर धूत होता. तीच त्याची जुनी गोष्ट तो शेजाऱ्याला सांगत होता: "मेलोच व्हतो मी. हिनं वढून काढलं. केवढीशी बाई, पर हात सोडला नाय बगा." आम्ही दोघी आत जमिनीवर बसून शेंगा सोलत होतो. रेवती थांबली. बाहेरचा आवाज ऐकत राहिली.

"ताई, तुला एक सांगू? कोणाला सांगितलेलं नाही." तिनं शेंगांकडं बघतच सांगितलं. "मी हात सोडला होता."

मी शेंगा खाली ठेवल्या.

"पाणी त्याच्या गळ्याशी आलं ना, तेव्हा. सुटला नाही माझ्या हातून, मी सोडला. मनात आलं, पुन्हा तेच. आत्ता जाऊ दे, अजून माझा झालेला नाही. जास्त झाल्यावर गेला तर मी काय करू? म्हणून बोटं उघडली. दोन्ही हात उघडले, ताई. आणि तो वर आला."

बाहेर बादलीचा आवाज झाला. मी कसंबसं विचारलं, "मग त्याला धरलं होतं कोणी?"

रेवतीनं सोललेले दाणे ओंजळीत घेतले, फुंकर मारून टरफलं उडवली.

"ते मी विचारत नाही," ती म्हणाली. "रोज त्याच्याशी भांडते, रोज डबा भरून देते. विचारायला गेले तर ती त्याला परत मागेल."